श्वासाची उंची

"बांगड्या भरायच्याच तेवढ्या राहिल्या होत्या," असं म्हणत सुहासने ते कडं हातात घेतलं, बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केलं आणि सरळ माझ्या पर्समध्ये टाकून दिलं.

बसमध्ये हशा पिकला. मी हसले नाही. ते कडं ज्या यंत्राचं होतं ते यंत्र आमच्या मुलीने तयार केलं होतं, आणि ती दोन सीट पुढे पाठमोरी उभी होती. तिला ऐकू गेलं, हे मला तिच्या मानेवरून कळलं.

चारचौघांत मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. लिहिताना मात्र सुहासच म्हणणार. इथे कोण अडवतंय. सुहास कुंभोजकर, सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात उभी हयात घालवलेला इंजिनियर, त्या दिवशी पंचाहत्तर पूर्ण करत होता. काट्यावर एकदम विश्वास ठेवायचा नाही, आधी काचेवर टकटक करायची आणि मग वाचायचं, ही त्याची जन्माची खोड. मला ताप आला तरी थर्मामीटर झटकून पुन्हा लावायचा. अशा माणसाला मी आइसलँडला आणलं ते काही ज्वालामुखी बघायला नव्हे. बाप-लेकीने एकमेकांशी बोलावं, एवढ्यासाठी आणलं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली. ऋजुता येणार होती, तिकीट काढलेलं होतं. नेमका त्याच वेळी इथल्या किनाऱ्यावरच्या एका गावाखाली लाव्हा सरकायला लागला आणि ती विमानतळावरून मागे फिरली. तिच्या यंत्राने सांगितलं म्हणून ते गाव रिकामं झालं, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जमीन फाटली. एक माणूस दगावला नाही. जगभर तिचं कौतुक झालं. सुहास शुद्धीवर आल्यावर मी ही बातमी त्याला हौसेने सांगितली, तर तो म्हणाला, "गावभर परक्यांना वाचवलं. घरचा एक टेबलावर होता." तेव्हापासून तिचा फोन आला की हा दोनच शब्द बोलायचा, "आईला देतो."

बाप तसा हट्टी आणि लेक बापाच्या वर. दोघांच्या मधे मी पोस्टमन. शेवटी मी यात्राकंपनीची ही टूर शोधली, सुहासला 'बर्फ बघायचंय मला, एकदा तरी' असं सांगून भरीला घातलं, आणि ऋजुताला बजावलं, "बाबांच्या वाढदिवसाला आमची बस तुझ्या त्या दरीत येणार आहे. एक दिवस सुट्टी काढ. तू औक्षण कर. पुढचं मी बघते."

आमचा टूर लीडर निनाद रेगे हा मूळचा निवेदक असावा. त्याने ऋजुताच्या हातात माइक दिला आणि जाहीर केलं, "ही बांगडी कशी चालते ते सांगायला आज आपल्यात आहे सांगलीची शान!" टाळ्या झाल्या. सुहास खिडकीतून काळा लाव्हा बघत बसला.

ऋजुताने सोप्या भाषेत सांगितलं. या दरीच्या जमिनीत केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तारा पुरलेल्या आहेत. त्यांतून सतत प्रकाशाचे ठोके सोडतात. जमीन कुठे जराशी ताणली, दबली, थरथरली की परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. "आपण सतरंजीच्या एका टोकाला बसलोय आणि दुसऱ्या टोकाला कुणी पाय ठेवला, तर आपल्याला ओढ जाणवते ना? तसं." शिवाय पायवाटेच्या कडेने खांब आहेत, ते हवेतले वायू मोजतात. झऱ्यांमध्ये उष्णता मोजणाऱ्या सळ्या आहेत. हे सगळं एका यंत्राकडे जातं आणि ते यंत्र प्रत्येक माणसासाठी एकच हिशोब करत राहतं: हा माणूस आत्ता जिथे उभा आहे, तिथे त्याच्या जिवाला धोका किती? धोका नसेल तर कडं हिरवं. पिवळं झालं तर मागे फिरायचं. लाल झालं तर पळायचं.

"म्हंजे ही बांगडी सोता हुंगत न्हाई व्हय?" इस्लामपूरच्या पाटीलकाकींनी विचारलं.

"नाही काकी. हुंगणारे खांब वेगळे. बांगडी नुसती निरोप पोचवते."

"आन् निरोप चुकला तर?"

"सहा वर्षांत चुकलेला नाही," ऋजुता म्हणाली. ती बोलत होती काकींशी, पण बघत होती बापाच्या टकलाकडे.

दरीच्या तोंडाशी सिग्रुन चढली. ही तिथली वाटाड्या, उंच, पन्नाशीची, गालांवर वाऱ्याने लाली आलेली. ती तिच्या भाषेत बोलायची आणि आमच्या कानात बसवलेला यांत्रिक दुभाष्या ते मराठीत सांगायचा. पण कसलं मराठी! जुन्या आकाशवाणीच्या बातम्याच. "प्रवाशांनी कृपया आपल्या पावलांविषयी दक्ष असावे," हे ऐकून पाटीलकाकी दर वेळी "व्हय महाराज" म्हणायच्या.

खाली उतरलो तर सगळीकडे वाफ. चिखल पिठल्यासारखा रटरटत होता. सडक्या अंड्यांचा वास येत होता. चिलटं तर अशी की बोलायला तोंड उघडायची सोय नव्हती. काकींनी रुमालात मूठभर तांदूळ बांधून आणले होते, राजापूरच्या उन्हाळ्यावर, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, त्यांनी कुणाला तसा भात शिजवताना पाहिलं होतं म्हणे. सिग्रुनने ती पुरचुंडी पाण्यात जायच्या आत हस्तगत केली.

पुढे एक निळंशार तळं लागलं. कठड्यापाशी सगळे फोटो काढायला थांबले. सुहास सगळ्यांच्या पुढे, कठड्यावरून वाकून बघत होता. बॉयलरवाला माणूस, उकळतं पाणी त्याचा जुना सोबती. तेवढ्यात माझं मनगट थरथरलं. कडं पिवळं झालं होतं. सगळ्यांचंच झालं. लोक भराभर मागे सरले, आणि सुहासच्या हातात कडंच नव्हतं.

"बाबा!" ऋजुता धावली. तिने त्याच्या जॅकेटची बाही धरली आणि त्याला अक्षरशः ओढत मागे आणलं. ती काही बोलायच्या आत तळ्याचा मधला भाग फुगला आणि उकळत्या पाण्याचा उंच खांब उठून कठड्यावर फसकन कोसळला. जिथे सुहासचा चेहरा होता, तिथे आता वाफ होती.

दोघं तशीच उभी राहिली. तिच्या मुठीत अजून त्याची बाही होती. तीन वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा हात लावला होता.

"आधीच कळलं होय तुझ्या यंत्राला?" सुहासने विचारलं.

"तळ्याखालची जमीन फुगायला लागली की कळतं."

"किती आधी?"

"कधी मिनिटभर, कधी जास्त."

"आमच्या वेळी असलं काही असतं तर," तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मग माझ्याकडे येऊन त्याने हात पुढे केला. मी पर्समधून कडं काढून दिलं. त्याने ते न ठोकता, न टकटक करता मनगटावर चढवलं. मला इतका आनंद झाला की मी पाठ फिरवून उगाच वाफेचा फोटो काढला.

दुपारी जेवणाची वेळ झाली. बसजवळ बाकं होती, पण तिथे चिलटांनी उच्छाद मांडला होता. निनादने आधीच एक जागा हेरून ठेवली होती: पायवाटेपासून थोडी खाली, हिरव्यागार शेवाळाची, परातीसारखी खोलगट जागा. पायवाटेच्या कडेला एक जुनी, रंग उडालेली पाटी होती. मी सिग्रुनला विचारलं. "ती सूचना पूर्वीच्या काळातली आहे," दुभाष्या म्हणाला. "पायवाट सोडू नये असा नियम होता. आता कडे हिरवे असेल तेथे जाण्यास सर्वसाधारणपणे कोणी हरकत घेत नाही." तरी तिने ऋजुताकडे पाहिलं. ऋजुताने स्वतःचं कडं बघितलं, खाली उतरून मधोमध उभी राहिली, पुन्हा बघितलं. हिरवं.

"या," ती म्हणाली.

खाली एकही चिलट नव्हतं. वाराही नव्हता. सगळे खूश झाले. निनादने सतरंज्या पसरल्या, स्वयंपाकाच्या महाराजांनी मसालेभाताची पातेली आणि शिऱ्याचा डबा उतरवला. युरोपात कुठेही न्या, आमच्या लोकांना बाकावर बसून जेवल्यासारखं वाटत नाही, त्यात वाढदिवस म्हटल्यावर पंगत हवीच. सुहासचे गुडघे दुखायचे, तो का-कू करायला लागला.

"बसू का गं इथे?" त्याने विचारलं. मला नाही, ऋजुताला.

"बसा बाबा. हिरवं आहे."

आणि तो बसला. उत्सवमूर्ती म्हणून त्याला अगदी मधे, सपाट जागी बसवलं. समोर मी ताम्हन ठेवलं, निरांजनात तुपाची वात घालून आणली होती. लायटर पेटवून वातीजवळ नेला आणि तो विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मग ताम्हन उचलून छातीपाशी धरलं आणि वात पेटवली, तर झकास पेटली. जपून खाली ठेवली. ज्योत लहान झाली, निळी झाली आणि गेली.

पंचाहत्तरीचा दिवस, आणि दिवा विझतोय. मी ऋजुताच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "मला हे बरं लक्षण दिसत नाही."

"आई, प्लीज. वारा आहे."

"वारा कुठे आहे?"

"आहे थोडा. आज तरी अपशकुन वगैरे नको. इतक्या वर्षांनी बाबा नीट बोलतायत."

समोरच्या डोंगरावरची वाफ सरळ वर जात होती. ते मलाही दिसत होतं आणि तिलाही. पण मला अपशकुन दिसला आणि तिला माझा अडाणीपणा दिसला, आणि विझलेला दिवा दोघींपैकी कुणीच पाहिला नाही. निनाद तत्पर माणूस. त्याने पिशवीतून बॅटरीवरचं निरांजन काढलं, बटण दाबलं, आणि म्हणाला, "काकू, याला वादळसुद्धा विझवू शकत नाही!"

ऋजुताने त्या निरांजनाने बापाला ओवाळलं. कुंकू लावताना ती वाकली तेव्हा नाक चोळत होती, डोळ्यांत पाणी होतं. सुहासचा चेहरा लाल झाला होता. त्याचा श्वास भराभर चालला होता, कपाळावर घाम आला होता. आम्हा सगळ्यांना वाटलं, गहिवरला. पाटीलकाकी तर म्हणाल्या, "रडू द्या त्यास्नी, बरं असतंय."

"ऋजू," तो म्हणाला. लहानपणीचं नाव. "तू त्या वेळी आली नाहीस ते..." तो थांबला, श्वास घेतला. "बरोबर केलंस. मी तिथे असतो तर मीही... बॉयलर सोडून गेलो नसतो."

तिने अंगठ्याने त्याच्या कपाळावरचं कुंकू नीट केलं. मी म्हणाले, "आता पुरे, भात गार होतोय," कारण मलाही पुढचं ऐकवेना. लोक सुहासच्या दोन्ही बाजूंना बसले, आम्ही तिघी-चौघी वाढायला लागलो. लिंबू, भात, कोशिंबीर. वाढायला वाकलं की माझं डोकं जड व्हायचं आणि उभी राहिले की उतरायचं. मी म्हटलं, वय झालं.

मी शिरा घेऊन वळले तेव्हा सुहास आडवा झाला होता. गुडघे दुखले की तो कुठेही आडवा होतो. मी म्हणाले, "अहो, चारचौघांत काय हे." मग पलीकडचे कर्वे पानावर कलले. त्यांच्या बायकोने त्यांना धरायला म्हणून वाकून पाहिलं आणि तीही बसकण मारून पडली. कुणीतरी ओरडलं. ऋजुता पळत आली, बापाजवळ गुडघ्यांवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचेच डोळे फिरायला लागले. तिच्या मनगटावरचं कडं मी बघितलं. सुहासच्याही. दोन्ही हिरवी होती.

वरून सिग्रुन काहीतरी किंचाळत आली. दुभाष्या माझ्या कानात शांतपणे म्हणाला, "सर्वांनी त्वरित उभे राहावे." खाली उतरताना मात्र तिने श्वास रोखून धरला, नाक-तोंड गच्च मिटलं. तिने ऋजुताची कॉलर धरून तिला उभं केलं, मग आम्ही मिळून एकेकाला उचलून, ओढून वर आणलं. कर्वे पतिपत्नी वाऱ्यावर आल्यावर उलट्या करून शुद्धीवर आले. बाकीचे खोकत, रडत उठून बसले. सुहास सगळ्यांत आधी बसला होता, सगळ्यांत खाली बसला होता, आणि त्याचं हृदय तीन ठिकाणी शिवलेलं होतं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा ऋजुता त्याच्या छातीवर दाब देत होती. त्यातून उतरून डॉक्टरने तिचे हात धरले, तरी ती थांबत नव्हती.

तो गेला.

हॉस्पिटलच्या पांढऱ्या बोळात आम्ही दोघी बसलो होतो. ती म्हणाली, "दीड मीटर, आई."

मला वाटलं, बरळतेय. मग तिने सांगितलं. जमिनीतून कर्बवायू आला होता. कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. त्याला म्हणावा असा वास नाही, नाकाला थोडी झिणझिण येते इतकंच. तो हवेपेक्षा जड असतो, वारा नसेल तर खोलगट जागी पाण्यासारखा साठतो. उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत साठला तरी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. त्यात चिलट जगत नाही आणि दिवा जळत नाही. वायू मोजणारे खांब दीड मीटर उंचीचे होते. यंत्राचा हिशोबही त्याच उंचीवरच्या हवेचा होता, कारण यंत्राला सांगितलेलं होतं की माणूस त्या उंचीवर श्वास घेतो.

"कुणी सांगितलेलं होतं?" मी विचारलं.

"मी. इथे येणारा माणूस चालतो नाहीतर बाकावर बसतो. पायवाटेवरच्या कॅमेऱ्यांची वर्षानुवर्षांची चित्रं बघून मी तो आकडा धरला. एकही माणूस जमिनीवर बसलेला नव्हता त्यांत." ती हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाली, "मी, आई. दहावीपर्यंत रोज पाटावर बसून जेवलेली."

खरं सांगते, त्या क्षणी मला ती नकोशी झाली. मी उठून बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. माझा नवरा आयुष्यभर कुठल्याही काट्यावर टकटक केल्याशिवाय विसंबला नाही. एकदाच विसंबला, लेकीचा म्हणून. हे मी तिला ऐकवणार होते, शब्द तोंडात आले होते. पण बोळाच्या त्या टोकाला ती एकटी बसली होती, हातावर अजून बापाच्या कपाळाचं कुंकू होतं, आणि तिला आता जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मलाही नव्हतं. मी परत येऊन तिच्याशेजारी बसले.

चौकशी तिथल्याच गावाच्या सभागृहात होती. त्या दिवशी सकाळी चहा घेताना ऋजुताने सांगितलं की तिच्या कंपनीचा वकील भेटून गेला. पायवाट सोडू नये ही पाटी कधी काढलेलीच नव्हती, त्यामुळे कायद्याने चूक प्रवाशांची. तिने फक्त गप्प राहायचं. आकडा ते सावकाश, पुढच्या दुरुस्तीत बदलतील.

"मग राहा गप्प," मी म्हणाले.

"आई!"

"गेलेला माणूस येणार आहे का परत? नोकरी जाईल, खटला होईल. शिवाय ज्या यंत्राने एवढी माणसं वाचवली ते बंद पडेल, ते वेगळंच."

"पडेल. मला ठाऊक आहे. कदाचित त्यामुळेही कुणी मरेल." ती कपाकडे बघत होती. "पण हे यंत्र आता केनियात आहे, जावामध्ये आहे. तिथे गुराखी डोंगरावर झोपतात. बायका जमिनीवर बसून भाजी विकतात. पोरं रांगतात. आणि त्यांच्या गावांना आम्ही सांगतोय, हिरवं आहे. पुढची दुरुस्ती सहा महिन्यांनी येणार, आई."

मला तिचं म्हणणं पटलं. पण पटणं वेगळं आणि पोटची पोर वेगळी. सभागृहात शिरतानाच मी ठरवलं होतं.

अधिकारी साठीचा, सभ्य, थकलेला गृहस्थ होता. त्याने आधी माझं सांत्वन केलं. दुभाष्याने ते "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत" असं सांगितलं. मग विचारलं, त्या जागी बसायला कुणी सांगितलं?

"कुणी नाही," मी म्हणाले. "आम्हीच बसलो. माझी मुलगी नको नको म्हणत होती. दिवा विझला तेव्हाही ती म्हणाली, उठा. आम्ही म्हातारी माणसं, ऐकलं नाही."

दुभाष्या निर्विकार. त्याने माझं खोटं शब्दन् शब्द त्यांच्या भाषेत नेलं. अधिकाऱ्याने मान हलवली. कंपनीचा वकील पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

ऋजुता उभी राहिली. "आई खोटं बोलतेय," ती मराठीत म्हणाली, आणि मग त्यांच्या भाषेत. "मी त्यांना बसा म्हटलं. दिवा विझला तेव्हा मी वारा म्हटलं. ती जागा हिरवी दाखवणारा आकडा मी धरलेला आहे."

बापाच्या समोर तिने कधी असं मान वर करून उत्तर दिलं नव्हतं, आणि माझ्यासमोर तर नाहीच. तिने मला भर सभेत खोटं पाडलं. मला राग यायला हवा होता, पण मला नुसतं रडू आलं. वकील उठून काहीतरी बोलायला लागला, अधिकाऱ्याने त्याला हाताने बसवलं.

"दीड मीटर," अधिकारी म्हणाला. "मग तेथे काय असायला हवे होते?" त्याच्या शेजारचा माणूस म्हणाला, खुर्चीवर बसलेल्या माणसाची उंची एक मीटर वीस असते. अधिकाऱ्याने ते लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यापैकी कुणाच्या डोळ्यांसमोर ती पंगत येत नव्हती. हे लोक एक चुकीचा आकडा खोडून दुसरा लिहिणार होते.

मी बूट काढले. टेबलाच्या कडेला हात टेकून खाली वाकले आणि सभागृहाच्या लाकडी जमिनीवर मांडी घालून बसले. सगळे उठून, टेबलावरून वाकून माझ्याकडे बघायला लागले.

"मोज," मी ऋजुताला म्हणाले.

कुणीतरी सुताराची टेप आणून दिली. ऋजुता माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने टेपचं एक टोक जमिनीवर टेकवलं आणि दुसरं माझ्या नाकाशी आणलं. टेप हलू नये म्हणून मी तिचा हात धरला. तिने आकडा वाचला, अधिकाऱ्याने आधीचं खोडून तो लिहिला.

"झालं?" मी विचारलं.

तिने मान हलवली. टेप तिने गुंडाळली नाही. मग हळूच म्हणाली, "आडवी होशील, आई? माणसं झोपतातही."

मी आडवी झाले. जमीन गार होती. सुहासही असाच कुशीवर होता, एक हात डोक्याखाली. ऋजुताने टेप खाली, आणखी खाली आणली, माझ्या नाकापाशी धरली, आणि मी श्वास घेत राहिले.